दोऱ्याच्या बांगड्या

मी एका बाईचा अंगठा एका कागदावर घेतला आणि तो कागद वाचला नाही. खाली साक्षीदार म्हणून सही केली, आणि सहीच्या बाजूला इस्पितळाचा गोल शिक्का मारला. शिक्का मारा असं कुणी म्हटलं नव्हतं. पण तो हाताशी होता आणि त्याच्या गादीला आदल्याच दिवशी नवी शाई घातली होती.

इस्पितळ वेड्यांचं. गाव रत्नागिरी. एस.टी.ची लाल गाडी नवलाची वाटायची ते दिवस. मी तिथे कारकून होतो. आंजर्ल्याहून मॅट्रिक होऊन आलेला, वय चोवीस, अक्षर सुंदर. माझ्यात तेवढा एकच गुण होता आणि तोच नडला. कागद घेऊन आलेल्या माणसाने माझं रजिस्टर पाहिलं आणि म्हणाला, "छापील वाटतंय हो." त्यानंतर त्याने माझीच फाशीची शिक्षा पुढे ठेवली असती, तरी मी खाली वळणदार सही ठोकून दिली असती.

पण त्या अंगठ्याची गोष्ट सांगायची तर आधी हलीमाबी सांगाव्या लागतील.

हलीमाबी बायकांच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. मूळच्या दाभोळच्या. मुंबईला जाऊन नर्सची परीक्षा दिलेल्या. बेताची उंची, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर घट्ट खोवलेला, आणि चालणं असं की आल्या कधी ते कळायचं नाही. त्यांच्या कमरेला वॉर्डाच्या किल्ल्यांचा जुडगा असे, पण तो फडक्यात गुंडाळलेला. पुरुषांच्या वॉर्डातले शिपाई किल्ल्या खुळखुळवत हिंडत. रुबाब असतो त्यात. हलीमाबींचं म्हणणं, किल्ली वाजली की आतल्या माणसाला पुन्हा आठवतं आपण कोंडलेले आहोत, ते दिवसातून किती वेळा आठवून द्यायचं. कुलूपबंद खोली उघडायच्या आधी त्या दारावर टकटक करून थांबत. बाहेरून कुलूप, बाहेरूनच टकटक, आणि किल्ली हातात घेऊन परवानगीची वाट बघणारी बाई. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्या घरी तुम्ही कपडे बदलत असताना कुणी शिरलेलं चालतं?" मी नाही म्हटलं. "मग," म्हणाल्या, आणि परत टकटक केली.

त्यांच्या घरच्यांविषयी कचेरीत तीन मतं होती. नवरा गलबतावरून आफ्रिकेला गेला तो तिकडेच राहिला, हे एक. नवरा होता तोच ह्या इस्पितळात होता, हे दुसरं. लग्नच झालं नव्हतं, हे तिसरं. मी एकदा चौकस भोळेपणाने थेट विचारलं. त्या म्हणाल्या, "रजिस्टरात रकाना आहे का त्याचा?" नव्हता. विषय संपला.

वेडी हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. त्या सगळं समुद्राच्या भाषेत सांगत. कृष्णाला आज उधाण आहे. पार्वतीला ओहोटी लागली, दोन दिवस नुसती भिंतीकडे बघते आहे. नवे डॉक्टर देशावरचे होते. त्यांना आधी वाटलं, ही बाई मला भरतीच्या वेळा का सांगते. पण महिन्याभरात तेही विचारू लागले, "काय सिस्टर, आज पाणी कुठवर?"

बांगड्यांचं मात्र सगळ्या रत्नागिरीत फक्त त्यांनाच सुचलं असतं. बाई दाखल झाली की अंगावरची काच आणि धातू काढून घ्यायचा नियम होता. बांगडी फोडून मनगट कापून घेतील, मंगळसूत्राने गळा आवळतील म्हणून. नियमात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्या वस्तू एका पिशवीत घालून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचं काम माझं. मी ते टाकाच्या निबाने सुंदर अक्षरात करत असे. ज्या बाईच्या हातातून त्या उतरवल्या तिला काय होत असेल हा विचार माझ्या टाकापर्यंत कधी आला नव्हता. आधीच ती भेदरलेली. आप्त तिला फाटकात सोडून निघून गेलेले. त्यात कुणीतरी येऊन तिचं कपाळ पुसतं, हात मोकळे करतं. तिला एकच अर्थ कळतो, नवरा मेला आणि मला कुणी सांगत नाही. कितीतरी बायका पहिल्या दिवशी त्या एका गोष्टीसाठी हंबरडा फोडत, आणि केसपेपरावर लिहिलं जाई की पेशंट कारण नसताना आक्रोश करते.

हलीमाबींनी हिरव्या सुताची गुंडी आणली. पाच-सहा पदर एकत्र करून त्या प्रत्येक लग्नाच्या बाईच्या दोन्ही मनगटांवर बांधायच्या आणि सांगायच्या, "ह्या इथल्या बांगड्या. तुझ्या त्या कपाटात आहेत. घो खुशाल आहे तुझा." सकाळी अंघोळी झाल्या की कुंकवाचा करंडा घेऊन रांगेने फिरायच्या. कुणीतरी तक्रार केली, मुसलमान बाई हिंदू बायकांना कुंकू लावते. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून विचारलं. त्या म्हणाल्या, मी मला लावत नाही, तिचं तिला लावते. तिचा हात कापतो म्हणून माझा हात. आणि दोऱ्याचं म्हणाल तर नियमात काच आणि धातू लिहिलंय. डॉक्टरांनी नियमाचं पुस्तक मागवलं. ते काढून देणारा मीच. दोरा लिहिलेला नव्हता.

नियमांच्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा पक्क्या होत्या, आणि हे कबूल करायला मला तेव्हा जड जायचं. एकदा एका पोरीचे घरचे भगताला घेऊन फाटकाशी आले. त्यांना वाटत होतं, पोरीला झाड, म्हणजे भूत, धरलंय, ओल्या दोराचे पाच फटके बसले की उतरेल. शिपाई त्यांना हाकलायला निघाला. हलीमाबींनी शिपायालाच मागे सारलं. भगताला सावलीत बसवलं, पाणी दिलं, अंगारा कुठल्या देवीचा ते विचारलं. मग आत नेऊन पोरीला औषध पाजलं, तिला विचारलं, ती हो म्हणाली तेव्हा तिच्या कपाळाला तो अंगारा लावला. फटक्यांची गोष्ट निघाली तेव्हा अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "ही आता सरकारी हुकुमाने इथे आहे, म्हणजे तिच्यातलं जे काही आहे तेपण सरकारी हुकुमाने इथेच आहे. त्याला मारायचं तर मॅजिस्ट्रेटसाहेबांची सही आणावी लागेल." भगताने थोडा विचार केला आणि दोर पिशवीत घातला. मला हा विनोद वाटला म्हणून मी कचेरीत रंगवून सांगितला. हलीमाबींना तो विनोद वाटत नव्हता. त्या म्हणाल्या, त्या माणसांनी शेत सोडून दोन दिवस चालत देव आणला होता. त्यांना हसायचं नाही, फक्त पोरीला मारू द्यायचं नाही.

आता अंगठा.

गोदावरी ही संगमेश्वराच्या आतल्या एका गावची. कुळवाडी घर, नवरा मुंबईला गिरणीत. दुसऱ्या बाळंतपणात मूल गेलं आणि हिचं मन बिघडलं. विहिरीवर जाऊन बसायची, थोरल्या मुलीला ओळखायची नाही. रीतसर अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, सगळं होऊन ती आमच्याकडे आली. वर्षभराने सावरली. मी सांगतोय त्या वेळी ती चार महिने वॉर्डातले तांदूळ निवडत होती, नव्या बायकांना न्हाऊ घालत होती आणि रोज हलीमाबींना एकच गोष्ट विचारत होती. शेवंती आता केवढी झाली असेल. शेवंती म्हणजे तिची मुलगी, चार वर्षांची. घरी तीन पत्रं गेली होती, बाई बरी आहे, घेऊन जा. उत्तर नव्हतं.

उत्तर म्हणून थोरला दीर आला. दोन लुगडी घेऊन आला, माझ्या अक्षराची स्तुती केली आणि म्हणाला, लुगडी पोचल्याची खूण म्हणून भावजयीचा अंगठा घ्यायचाय, गावात चार माणसं विचारतात. मी तिला कचेरीत बोलावलं. तिने विचारलं, "ह्ये कसलं?" मी म्हटलं, "लुगड्यांची पावती." मी खोटं बोललो नाही. मला तसंच वाटत होतं. वाचायचा त्रास घेतला नव्हता एवढंच. दोन प्रती होत्या. एक तो घेऊन गेला, एक मी ठेवून घेतली, शिक्का मारलेला प्रत्येक कागद फाइलला राहिला पाहिजे म्हणून. तेवढा माझा कारकुनी किडा उपयोगी पडला.

तासाभराने हलीमाबी दारात उभ्या. गोदावरीने लुगडी त्यांच्याकडे ठेवायला दिली होती, घरी जाताना नेसायला, आणि तिच्या अंगठ्याला जांभळी शाई होती.

"दामले, लुगड्याला अंगठा कधीपासून लागतो?"

मी फाइल पुढे केली. त्यांना मराठी माझ्याइतकंच वाचता येत होतं. पण त्या म्हणाल्या, "मोठ्याने वाचा."

मी वाचू लागलो. सुरुवात ठीक होती, गाव, तालुका, नाव. मग "आपल्या अक्कलहुशारीने व राजीखुशीने" आलं, आणि त्याच्यापुढे आलं की मी माझ्या नवऱ्याला सोडचिठ्ठी देत आहे, त्याने दुसरं लग्न करावं, आणि मुलगी शेवंती हिच्यावर माझा काही हक्क राहिलेला नाही. खाली अंगठा. त्याच्या शेजारी माझी सही, इतकी देखणी की कागदाला शोभा आली होती.

एरवी त्या मला तुम्ही म्हणत. तेव्हा म्हणाल्या, "तिनं विचारलं होतं ना रे तुला, हे कसलं म्हणून?"

मी फाइलची दोरी बांधू लागलो.

"तिला वाचता येत नाही म्हणून तिनं तुझे डोळे मागितले. तू मिटून दिलेस."

मग त्या परत तुम्हीवर आल्या आणि हे मला जास्त लागलं. महिन्याची पाहणी चार दिवसांवर होती. बाहेरची मंडळी येत, त्यांत एक जज्जसाहेब असत. कुणाला सोडायचं हे त्यांच्या पुढ्यात ठरे. हलीमाबी म्हणाल्या, मी कागद त्यांच्यापुढे ठेवणार आहे. अंगठा कसा घेतला ते मात्र मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं.

चार दिवस मी काय केलं? एक निवेदन लिहिलं. तीन वेळा लिहिलं, कारण दुसऱ्या प्रतीत "अनवधानाने" ह्या शब्दातला न जरा वाकडा आला होता. पाहणीच्या दिवशी ते खिशात घालून गेलो आणि मनाशी ठरवलं की कुणी विचारल्याखेरीज काढायचं नाही. नोकरी जाण्याची भीती होती. आंजर्ल्याला आईने शेजाऱ्यांना सांगितलं होतं की आमचा मुलगा सरकारात आहे.

जज्जसाहेबांनी कागद वाचला. चष्मा पुसून परत वाचला. हलीमाबी समोर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, ही बाई अक्कलहुशार असेल तर तिला कुलपात ठेवायचा हुकूम आपल्याकडे कुठला? आणि नसेल, तर हा अंगठा कसला? तिला ठेवून घेतल्याच्या कागदावर आणि ह्या कागदावर, दोन्ही शिक्के एकाच इस्पितळाचे आहेत."

मोठे डॉक्टर माझ्याकडे बघत होते. जज्जसाहेबांनी गोदावरीला आत बोलावलं. वार विचारला, महिना विचारला, घरात माणसं किती ते विचारलं. तिने सगळं नीट सांगितलं. मग त्यांनी कागद दाखवला.

"हा अंगठा तुझा?"

"व्हय."

"कशासाठी दिलास?"

"लुगड्यांसाठी."

"लुगड्यांसाठी आहे असं कुणी सांगितलं?"

गोदावरीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं की मी अडकलोय. ती म्हणाली, "आठवत न्हाय, साहेब."

जज्जसाहेबांचं पेन खाली गेलं. आठवत नाही हे उत्तर त्या खोलीत लिहून घेतलं की त्याचा अर्थ काय होतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती मला वाचवत होती, आणि त्यापायी शेवंती हातची घालवत होती. मी हलीमाबींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. खरंच बघत होत्या. मदत नाही, दरडावणं नाही.

मी म्हटलं, "तिला आठवतंय. मी सांगितलं होतं. मी कागद वाचला नव्हता."

इतकंच. खिशातलं निवेदन खिशातच राहिलं. पुढे कैक वर्षांनी ते सापडलं. अक्षर अजून चांगलं दिसत होतं.

माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईने एक ओळ पडली. ती लिहिणाऱ्याचं अक्षर भिकार होतं, त्यामुळे निवृत्त होईपर्यंत ती कुणाला नीट वाचता आली नाही. त्या कागदावर जज्जसाहेबांनी शेरा मारून तो रद्द धरला, दिराला आणि नवऱ्याला तसं कळवलं, आणि गोदावरीला बरी झाली म्हणून सोडण्याचा हुकूम झाला. न्यायला कोणीही आलं नाही. तेव्हा इस्पितळाने पोचवावं असं ठरलं. हलीमाबी निघाल्या, आणि हुकुमाचा कागद घेऊन मी. "ह्या वेळी वाचलाय ना?" त्यांनी गाडीत चढताना विचारलं. वाचला होता. पाठ होता.

निघायच्या आधी हलीमाबींनी कात्रीने गोदावरीच्या मनगटावरचा दोरा कापला. माझ्या कपाटातून पिशवी निघाली, मंगळसूत्र तिने स्वतः बांधलं, आणि कासाराला बोलावून नव्या बांगड्या भरल्या. जुन्या होत नव्हत्या. आमच्याकडे आली तेव्हा ती अगदी काडी होती.

संगमेश्वराला उतरून दोन कोस चालत गेलो. अंगणात पोचलो तेव्हा दुपार टळत होती. दीर ओटीवर होता, तो उठून परसात गेला. नवरा मुंबईहून आला होता. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. त्याला घरच्यांनी कळवलं होतं की बायको आता माणसं ओळखत नाही. आणि समोर ती तर त्याच्याकडे बघून पदर सारखा करत होती. शेवंती खांबाआड उभी होती. गोदावरीने तिला हाक मारली. ती आली नाही.

सासूने पाणी आणलं. मला तांब्या-पेला. हलीमाबींना करवंटीत. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि पाणी प्यायल्या. त्या काळी हे नवीन नव्हतं. मग म्हातारीने आणखी एक करवंटी आणली आणि पायरीवर गोदावरीच्या पुढे ठेवली.

हलीमाबींनी आपली करवंटी खाली ठेवली. आवाज न चढवता म्हातारीला म्हणाल्या, "आवस, मी परकी. मला हीच बरी. पण ती ह्या घरची आहे. आजारी होती, बाटली नव्हती."

म्हातारीने करवंटी उचलली नाही. हललीही नाही. नवरा पायाच्या बोटाने माती उकरत होता. मी हुकुमाचा कागद काढू लागलो, कारण अशा वेळी मला कागद काढण्याखेरीज काही येत नाही. हलीमाबींनी हाताने थांबवलं.

गोदावरी उठली. उंबरा ओलांडून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही. ती स्वतः पाणी प्यायली असावी. बाहेर आली ती पितळी पेला भरून घेऊन. तो तिने हलीमाबींच्या हातात दिला, आणि दोन्ही करवंट्या उचलून अंगणापलीकडे शेणकईच्या ढिगात टाकून आली. म्हातारी तोंडाला पदर लावून बघत राहिली. हलीमाबींना तहान नव्हती. तरी पेला संपवला.

आम्ही निघालो तेव्हा शेवंती अजून खांबाआडच होती. वाटेत मी म्हटलं, पोर आली नाही हो आईकडे. हलीमाबी म्हणाल्या, "दीड वर्ष गेलंय. अर्ध्या दिवसात कसं भरेल."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी हेडक्लार्क झालो होतो. दाभोळला जायला त्यांनी आगबोट धरली. पोचवायला मी बंदरावर गेलो. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. आगबोट लांब उभी होती, तिथवर न्यायला पडाव किनाऱ्याला लागला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि खरं तर शाबासकी मिळावी म्हणून, मी सांगितलं की गोदावरीची मी चौकशी ठेवून आहे. गेल्या वर्षी तिला कार्ड टाकलं होतं, प्रकृती कशी आहे, झोप लागते ना, पुन्हा त्रास नाही ना. उत्तर काही आलं नाही.

"कार्ड," हलीमाबी म्हणाल्या. "उघडं?"

"हो."

"इस्पितळाचा शिक्का मारून?"

मी आगबोटीकडे बघू लागलो.

"गोदावरी येऊन गेली मागल्या महिन्यात," त्या म्हणाल्या, "शेवंतीला घेऊन. पोर आईच्या खांद्याला आली, तरी तिचा पदर सोडत नव्हती. तिनं सांगितलं मला तुमच्या कार्डाचं. पोस्टमननं भर अंगणात वाचून दाखवलं. गाव विसरत आला होता, पुन्हा कान टवकारले सगळ्यांनी."

मी विचारलं, मग तिने काय केलं?

"हसली म्हणे. म्हणाली, माझा भाऊ असतो त्या इस्पितळात, त्याचं कार्ड आहे, त्याला सगळ्यांच्या झोपेची काळजी." तांडेलाने हात दिला तशा त्या पडावात चढल्या, ट्रंकेवर बसल्या आणि पदर खोचून घेतला. "तर पोस्टमन विचारतो, भाऊ नोकरीला आहे की दाखल आहे?"

पडाव सुटला. दोन वल्ही पाण्यात पडली.

"ती म्हणाली, नोकरीला," हलीमाबींनी तिथून सांगितलं. "मी असते तर दाखल म्हटलं असतं."